कॉलेजचा कारभार कुणाच्या हाती?

आपल्या घरातले मूल कॉलेजात जाऊ लागले की आईबापाची छाती भरून येते. ज्या घरात आजोबाला सही करता येत नव्हती, त्या घरातली नात पदवीचा फॉर्म भरते, ही गोष्ट लहान नाही. पण एकदा प्रवेश झाला की आपला आणि कॉलेजचा संबंध उरतो तो खिडकीपुरता. जातीचा दाखला जोडा, उत्पन्नाचा दाखला जोडा, झेरॉक्स आणा, उद्या या. आपण विचारले, "साहेब, असे का?" की खिडकीतून उत्तर येते, "वरून ऑर्डर आहे." खिडकीत बसलेल्या कारकुनाला मी दोष देत नाही, कारण माझी स्वतःची नोकरीही कारकुनाचीच आहे. त्या बिचाऱ्यालाही वरून आलेलेच सांगावे लागते. प्रश्न असा आहे की हे 'वर' म्हणजे कोण? तिथे किती माणसे बसतात, त्यांना कुणी बसवले, आणि तिथे आपला कुणी आहे का?

वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न अमेरिकेतल्या काही लहान कॉलेजांनी फार पूर्वीच सोडवायला घेतला. त्यांची उत्तरे सगळीच बरोबर होती असे नाही. पण त्यांचा अनुभव आपल्या उपयोगाचा आहे, म्हणून आज त्याविषयी.

कसली ही कॉलेजे?

अमेरिकेत मोठमोठी विद्यापीठे आहेत, तशीच दीड-दोन-तीन हजार विद्यार्थ्यांची स्वतंत्र कॉलेजेही आहेत. त्यांना 'लिबरल आर्ट्‌स कॉलेज' म्हणतात. नावात 'आर्ट्‌स' असले तरी तिथे केवळ आपल्याकडची कला शाखा नसते. रसायनशास्त्र, गणित, इतिहास, तत्त्वज्ञान, संगीत सगळे एकाच ठिकाणी शिकवतात. विद्यार्थी पहिली दोन वर्षे वेगवेगळे विषय चाखून पाहतो आणि मग आपला मुख्य विषय ठरवतो. बहुतेक मुले वसतिगृहात राहतात. वर्ग लहान असतात. नोकरीपुरते शिक्षण द्यायचे नाही, विचार करणारा नागरिक घडवायचा, हे या कॉलेजांचे म्हणणे.

आता विचार करणारा नागरिक घडवायचा म्हटल्यावर कॉलेजचा कारभार एका माणसाच्या हुकमावर कसा चालेल? म्हणून तिथे एक पद्धत रूढ झाली. आपण तिला मराठीत 'सामायिक कारभार' म्हणू. गावाकडे सामायिक विहीर असते. विहीर सगळ्यांची, पण म्हणून कुणीही कधीही मोट लावायची नसते. कुणाची पाळी कधी, गाळ कुणी काढायचा, दुरुस्तीचा खर्च कुणी किती द्यायचा, हे ठरलेले असते. ठरलेले नसले की डोकी फुटतात. सामायिक कारभाराचा अर्थ नेमका हाच आहे. सगळ्यांनी सगळे ठरवायचे, असा त्याचा अर्थ नाही. कुठली गोष्ट कुणी ठरवायची, हे आधी ठरवून घ्यायचे.

कामाची वाटणी

सगळ्यात वर विश्वस्त मंडळ असते. वर्षातून तीन-चार वेळा त्याची बैठक होते. कॉलेजची मालमत्ता, ठेवी, इमारती आणि अंदाजपत्रकाची अखेरची मंजुरी हे त्याचे काम. कॉलेजचा प्रमुख तेच नेमते. प्रमुखाला तिकडे 'प्रेसिडेंट' म्हणतात. आपल्याकडे संस्थेचा सचिव आणि प्राचार्य मिळून जे काम करतात, ते बरेचसे हा एक माणूस करतो. देणग्या जमवणे हाही त्याच्या कामाचा मोठा भाग आहे. विश्वस्त बहुतेक वेळा आपले उत्तराधिकारी आपणच निवडतात. मात्र काही कॉलेजांत माजी विद्यार्थी मतदान करून आपले विश्वस्त मंडळावर पाठवतात.

दुसरा घटक शिक्षकांचा. कुठले विषय शिकवायचे, पदवीसाठी काय काय पुरे करायचे, परीक्षा कशी घ्यायची, नवीन प्राध्यापक कोण नेमायचा आणि कुणाला कायम करायचे, या गोष्टींत पहिला शब्द शिक्षकांचा असतो. विश्वस्तांना नकार देता येतो, पण तो क्वचितच द्यावा आणि दिला तर कारण सांगावे, असा दंडक आहे.

तिसरा घटक विद्यार्थ्यांचा. त्यांची निवडून आलेली 'सिनेट' असते. विद्यार्थी उपक्रमांच्या पैशांचे वाटप बऱ्याच ठिकाणी तीच करते. अनेक समित्यांवर विद्यार्थी बसतात. काही ठिकाणी त्यांना मत असते, काही ठिकाणी फक्त बोलता येते.

हे प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू. समजा, इतिहासाच्या एका प्राध्यापिकेला गुलामगिरीच्या इतिहासावर नवा विषय सुरू करायचा आहे. ती आधी आपल्या विभागात प्रस्ताव ठेवते. विभागाने होकार दिला की तो अभ्यासक्रम समितीकडे जातो. या समितीवर निवडून आलेले शिक्षक असतात, काही ठिकाणी विद्यार्थीही असतात. समिती विचारते, वाचनाला काय लावणार? हा विषय शिकवायला घेतला तर तुमचा सध्याचा वर्ग कोण घेणार? ग्रंथालयात पुस्तके आहेत का? उत्तरे समाधानकारक असली की विषय मंजूर होतो. बदल मोठा असेल, म्हणजे सगळ्याच विद्यार्थ्यांना तो विषय सक्तीचा करायचा असेल, तर प्रकरण शिक्षकांच्या सर्वसाधारण सभेपुढे येते. साधारण महिन्यातून एकदा ही सभा भरते. सूचक, अनुमोदक, दुरुस्ती, मतदान, सगळे रीतसर. सभेच्या नियमांसाठी हेन्री रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने १८७६ साली लिहिलेली नियमावली आजही अनेक ठिकाणी वापरली जाते.

आपल्या वाचकांना हे वाचून एक गोष्ट नक्की आठवेल. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की संसदीय कामकाजाची रीत भारताला परकी नाही. भिक्खू संघाच्या सभांना बैठक व्यवस्थेचे, ठराव मांडण्याचे, गणपूर्तीचे, मतमोजणीचे नियम होते. ठराव मांडण्याला 'ञत्ति' आणि मतदानाच्या काडीला 'सलाका' म्हणत. अडीच हजार वर्षांपूर्वी चीवर घातलेली माणसे नियमाने सभा चालवत होती. तेव्हा कॉलेजची सभा नियमाने चालावी, ही अपेक्षा काही परदेशातून आणलेली नाही.

नोकरीची शाश्वती कशासाठी?

सभेत तोंड उघडायचे तर उद्या नोकरी जाईल ही भीती नको. अमेरिकेत त्यासाठी 'टेन्युअर' म्हणजे कायमपणाची पद्धत आहे. नवा प्राध्यापक साधारण सहा वर्षे उमेदवारी करतो. मग त्याचे शिकवणे, संशोधन आणि कॉलेजसाठी केलेले काम तपासले जाते. विभागातले ज्येष्ठ मत देतात, निवडून आलेली समिती मत देते, मग प्रमुख आणि विश्वस्त. पास झाला तर कायम, नाही तर वर्षभरात दुसरीकडे नोकरी शोधायची. कायम झालेल्याला सबळ कारण आणि चौकशी यांशिवाय काढता येत नाही. गिरणीत, गोदीत, नगरपालिकेत काम केलेल्या माणसाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कायम झालेला कामगारच मुकादमासमोर खरे बोलू शकतो.

ही शाश्वती आयती मिळालेली नाही. १९०० साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून एडवर्ड रॉस या प्राध्यापकाला जावे लागले. संस्थापकाच्या पत्नी जेन स्टॅनफर्ड यांना त्याची मते पसंत नव्हती, एवढे पुरले. रॉसची सगळीच मते आपल्याला पटतील असे नाही. आशियाई मजुरांना अमेरिकेत येऊ देऊ नये, हे त्याचे म्हणणे तर निषेध करण्याजोगेच होते. पण मालकिणीच्या मर्जीवर प्राध्यापकाची भाकरी अवलंबून असावी का, हा प्रश्न त्याहून मोठा होता. निषेध म्हणून काही सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. त्यांत आर्थर लव्हजॉय हे तत्त्वज्ञानाचे तरुण प्राध्यापक होते.

याच लव्हजॉय यांनी पुढे इतरांना हाताशी धरून १९१५ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन प्राध्यापकांची संघटना उभी केली. तिचे पहिले अध्यक्ष झाले कोलंबिया विद्यापीठाचे जॉन ड्यूई. विचारस्वातंत्र्याविषयी संघटनेचे पहिले निवेदन त्याच वर्षी निघाले. ते तयार करणाऱ्या समितीचे प्रमुख होते कोलंबियाचेच अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिगमन. ही दोन नावे आपल्या घरोघरी माहीत असायला हवीत. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबियात शिकत होते आणि हे दोघेही त्यांचे गुरू होते. ड्यूईंचे ऋण बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या पुस्तकात स्वतः नोंदवले आहे. सेलिगमन यांनी बाबासाहेबांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. म्हणजे आपला तरुण भीमराव ज्या वर्गात बसत होता, त्या वर्गाचे शिक्षक त्याच दिवसांत शिक्षकाच्या स्वातंत्र्याची घटना लिहीत होते.

पुढे १९६६ साली या संघटनेने, कॉलेजांच्या राष्ट्रीय परिषदेने आणि विश्वस्तांच्या संघटनेने मिळून एक संयुक्त निवेदन तयार केले. वर सांगितलेली कामाची वाटणी त्यातच स्पष्ट शब्दांत आली. तो कायदा नाही, पण वाद झाला की आजही लोक त्याच कागदावर बोट ठेवतात.

एका मताने उघडलेले दार

आता कुणी म्हणेल, हे सगळे प्राध्यापकांचे भांडण, त्यात आपला काय संबंध? त्यासाठी ओबर्लिन कॉलेजची हकीकत सांगतो.

ओहायो राज्यात १८३३ साली जंगल तोडून वसवलेल्या वस्तीत हे कॉलेज सुरू झाले. त्याच राज्यात सिनसिनाटी शहरात लेन सेमिनरी नावाची धर्मशिक्षणाची संस्था होती. १८३४ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी गुलामगिरी ठेवावी की मोडावी यावर अठरा रात्री वादसभा चालवली आणि गुलामगिरी मोडलीच पाहिजे असा कौल दिला. नुसता ठराव करून ते थांबले नाहीत. शहरातल्या काळ्या वस्तीत जाऊन शाळा चालवू लागले. शहरातले व्यापारी बिथरले. विश्वस्तांनी हुकूम काढला: गुलामगिरीविरोधी संघटना बंद, त्यावर चर्चा बंद. बहुतेक विद्यार्थ्यांनी संस्थाच सोडली.

इकडे ओबर्लिनची तिजोरी रिकामी होती. त्यांनी या विद्यार्थ्यांना बोलावले. गुलामगिरीविरोधी धनिक आर्थर टॅपन आणि प्रसिद्ध धर्मोपदेशक चार्ल्स फिनी मदतीला तयार झाले, पण अटी घालून. पहिली अट, चर्चेचे स्वातंत्र्य राहील. दुसरी, काळ्या विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या बरोबरीने प्रवेश मिळेल. तिसरी अट फार महत्त्वाची. कॉलेजचा अंतर्गत कारभार, प्रवेश देण्याच्या अधिकारासह, विश्वस्तांकडे न राहता शिक्षकांकडे राहील.

ही तिसरी अट कशाला? कारण फिनी आणि त्यांच्या साथीदारांनी लेनमध्ये काय झाले ते पाहिले होते. चांगला ठराव आज होतो आणि उद्या नवे विश्वस्त येऊन तो मोडतात. चांगले धोरण टिकवायचे तर अधिकाराची जागाच बदलली पाहिजे.

१८३५ च्या फेब्रुवारीत विश्वस्तांची बैठक झाली. बाजूने आणि विरोधात सारखी मते पडली. अध्यक्ष जॉन कीप यांनी आपले निर्णायक मत बाजूने टाकले आणि ठराव मंजूर झाला. एका मताने दार उघडले. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाला अक्षर शिकवणे हाही अनेक राज्यांत गुन्हा होता. त्याच देशात १८४४ साली जॉर्ज व्हॅशन हा काळा तरुण ओबर्लिनचा पदवीधर झाला. १८६२ साली मेरी जेन पॅटरसन पदवीधर झाली. अमेरिकेत बी. ए. होणारी पहिली काळी स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाते.

माता-भगिनींसाठी आणखी एक गोष्ट. ओबर्लिनने १८३७ साली चार मुलींना पदवीच्या वर्गात घेतले. मुलींना मुलांबरोबर पदवीचे शिक्षण देण्यात हे कॉलेज अमेरिकेत पहिले. पण त्याच मुलींकडून मुलांचे कपडे धुऊन घेत, फाटके शिवून घेत. १८४७ साली ल्यूसी स्टोन ही मुलगी पदवीधर झाली. पदवीदान समारंभासाठी निबंध लिहायला तिची निवड झाली. पण स्त्रीने लिहावे आणि सभेत ते पुरुषाने वाचावे, असा तिथला नियम. ल्यूसीने निबंधच लिहिला नाही. माझे शब्द मी वाचणार नसेन तर लिहिणारही नाही, असा तिचा बाणा होता. पुढे ती स्त्रियांच्या मताधिकाराची मोठी पुढारी झाली. प्रवेश मिळणे ही एक पायरी आणि बोलण्याचा अधिकार मिळणे ही दुसरी, हे ल्यूसीने दाखवून दिले. आपल्या मुलींनी ही दुसरी पायरी विसरू नये.

सामायिक म्हणतात, पण कुणाकुणाचे?

या पद्धतीचे गोडवे गाऊन थांबलो तर ते अर्धे सत्य होईल. दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

१९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे न्यूयॉर्कच्या येशिव्हा विद्यापीठाचा खटला आला. तिथल्या प्राध्यापकांना युनियन करायची होती. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की हे प्राध्यापक कारभारात एवढा भाग घेतात की ते व्यवस्थापनातच मोडतात, म्हणून कामगार कायद्याचे संरक्षण त्यांना नाही. कारभारात वाटा मिळाला म्हणून युनियनचा हक्क गेला! आपल्या युनियनमधल्या कार्यकर्त्यांनी हे लक्षात ठेवावे. एखाद्याला 'साहेब' करून त्याची युनियन काढून घेण्याची युक्ती आपल्याकडेही अपरिचित नाही.

दुसरे म्हणजे कायम प्राध्यापकच आता कमी झाले. आज अमेरिकेत कॉलेजात शिकवणाऱ्या दर तिघांपैकी सुमारे दोघे कंत्राटी किंवा अर्धवेळ आहेत. सभेत निर्भयपणे बोलणारे त्या मानाने थोडेच उरले. आपल्याकडे तासिका तत्त्वावर राबणाऱ्या मुलामुलींची अवस्था आपण पाहतोच. नेट-सेट पास होऊन, पीएच.डी. करून तासावर शिकवायचे, आणि कारभारात मात्र शून्य.

तिसरी गोष्ट मनाला जास्त लागते. १९६६ च्या त्या निवेदनात विश्वस्त आहेत, प्रमुख आहे, शिक्षक आहेत, शेवटी विद्यार्थ्यांविषयीही काही ओळी आहेत. पण झाडू मारणारा, स्वयंपाक करणारी, कार्यालयात फायली सांभाळणारा यांना त्यात स्वतंत्र स्थान नाही. ज्या ओबर्लिनने काळ्या विद्यार्थ्यांना दार उघडले, त्याच ओबर्लिनने २०२० साली भोजनगृह आणि सफाईचे काम कंत्राटदारांकडे द्यायचे ठरवले. युनियनमधल्या शंभराहून अधिक कामगारांच्या नोकऱ्यांचा प्रश्न उभा राहिला. विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी विरोध केला, पण निर्णय फिरला नाही. आणि २०२२ साली तर विश्वस्तांनी कॉलेजची नियमावली बदलून शिक्षकांचे अधिकार मुख्यतः अभ्यासक्रम आणि शैक्षणिक बाबींपुरते आवळले. १८३५ चा करार मोडला म्हणून शिक्षकांनी निषेध केला. यावरून काय शिकायचे? मिळवलेला हक्क रोज वापरला नाही आणि त्यात खालच्या माणसाला सामील करून घेतले नाही, तर तो पावणेदोनशे वर्षांनीही हातचा जाऊ शकतो.

पण लोक जागे झाले तर काय होते त्याचेही एक उदाहरण आहे. व्हर्जिनिया राज्यात स्वीट ब्रायर नावाचे मुलींचे कॉलेज आहे. ३ मार्च २०१५ रोजी विश्वस्तांनी एकाएकी जाहीर केले की पैशाअभावी कॉलेज त्याच उन्हाळ्यात बंद होणार. शिक्षकांना विश्वासात घेतलेले नव्हते. माजी विद्यार्थिनींनी एकत्र येऊन निधी उभा केला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जून २०१५ मध्ये तडजोड झाली, प्रमुख बदलला, बहुतेक विश्वस्त बदलले, आणि कॉलेज चालू राहिले. बायकांनी कॉलेज वाचवले!

आणि आपल्याकडे?

कारभारात आपली माणसे असली पाहिजेत, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी विद्यापीठाच्या सिनेटवर मागासलेल्या वर्गांना प्रतिनिधित्व हवे, असा आग्रह धरला होता. मुलांना नुसता प्रवेश पुरत नाही, जिथे निर्णय होतो त्या टेबलाभोवती खुर्ची पाहिजे, हे त्यांनी त्या वेळीच ओळखले होते.

आज महाराष्ट्रात २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आहे. त्यानुसार संलग्न महाविद्यालयांत 'महाविद्यालय विकास समिती' असावी लागते. १९९४ च्या कायद्यात हिच्या जागी स्थानिक व्यवस्थापन समिती होती. या विकास समितीवर कोण असते? संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव असतात. प्राचार्य हे सदस्य-सचिव. एक विभागप्रमुख. शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक आणि त्यांत किमान एक महिला. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेला एक प्रतिनिधी. शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य आणि त्यांत किमान एक माजी विद्यार्थी. गुणवत्ता कक्षाचे समन्वयक. शिवाय विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव. वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. कॉलेजचे अंदाजपत्रक, विकासाची योजना, विद्यार्थी आणि कर्मचारी कल्याण हे विषय तिच्यापुढे येतात.

नीट पाहा. अमेरिकेच्या निवेदनात ज्याला स्वतंत्र जागा नाही, त्या शिक्षकेतर कर्मचाऱ्याला आपल्या कायद्याने खुर्ची दिली आहे. विद्यार्थ्यालाही दिली आहे. समाजसेवकाला आणि माजी विद्यार्थ्यालाही दिली आहे. मात्र समिती शिफारस करते आणि अखेरचा शब्द संस्थेचा असतो, ही तिची मर्यादा. स्थानिक सदस्यही संस्थाच नेमते. म्हणून कुठे समिती जिवंत असते, तर कुठे फक्त कागदावर. चहा-बिस्किटे झाली, सह्या झाल्या, बैठक संपली.

पण कागदावरच्या समितीलाही जिवंत करता येते. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या एका मुलीचा परीक्षेचा फॉर्म एका महाविद्यालयाने अडवून धरला होता. शिष्यवृत्तीची रक्कम शासनाकडून जमा झाली नव्हती, म्हणून आधी फी भरा म्हणत होते. बाप नाका कामगार, आई चार घरची धुणीभांडी करणारी. फी आणणार कुठून? आम्ही चौघे गेलो. अर्ज दिला, घोषणा दिल्या नाहीत. मी एवढेच विचारले की विकास समितीची मागची बैठक कधी झाली आणि कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी कोण आहे. कार्यालयात कुणालाच सांगता येईना. शेवटी एका शिपाईमामांनी प्रयोगशाळेतल्या एका सहायकाचे नाव सांगितले. ते गृहस्थ म्हणाले, "अहो, मी निवडून आलोय खरा, पण आजवर मला कुणी काही विचारायलाच आलं नाही." त्यांनी प्राचार्यांकडे लेखी पत्र दिले, पुढच्या बैठकीत विषय घेतला आणि इतिवृत्तात नोंदवून घेतला. त्या मुलीचा फॉर्म मुदतीत गेला. शिष्यवृत्ती यायची आहे म्हणून कुणाचा फॉर्म अडवायचा नाही, असा ठरावही झाला. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका मुलासाठी आम्ही गेलो तेव्हा त्याच ठरावाची तारीख सांगितली आणि पाच मिनिटांत काम झाले.

इतिवृत्ताची ताकद ती हीच. तोंडी आश्वासन साहेबाच्या बदलीबरोबर जाते, नोंदवलेला ठराव मागे राहतो. हे कारकुनाला जितके कळते तितके कुणाला कळत नाही.

आपण काय करायचे?

पालकांनी मुलाच्या कॉलेजच्या विकास समितीवरील सदस्यांची नावे लिहून घ्यावीत. अनेक महाविद्यालये ही नावे आणि बैठकांचे इतिवृत्त संकेतस्थळावर ठेवतात. मुलाच्या मोबाइलवर ती पाहता येतात. अनुदानित महाविद्यालयात ती मिळाली नाहीत, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येतो. दहा रुपयांचे काम आहे.

आपल्या समाजातले जे बांधव कॉलेजांत शिपाई, लिपिक, ग्रंथालय परिचर, प्रयोगशाळा सहायक आहेत, त्यांनी कर्मचारी प्रतिनिधीच्या निवडणुकीला उभे राहावे. 'आपल्याला कोण विचारतो' हा विचार टाकून द्यावा. कायद्याने विचारले आहे.

जे शिकून नोकरीला लागले, त्यांनी आपल्या जुन्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघात नाव घालावे. स्वीट ब्रायरच्या बायकांनी जे केले ते लांबून टीका करून झाले नाही. त्यांनी पैसाही दिला, वेळही दिला.

आणि विद्यार्थ्यांनी सभेचे नियम शिकावेत. ठराव कसा लिहायचा, दुरुस्ती कशी सुचवायची, विरोधी मत नोंदवायला कसे सांगायचे, हे विहार समितीच्या, महिला मंडळाच्या, पतपेढीच्या सभेत शिकता येते. या सभा आपल्याच आहेत. तिथे तरी मुलामुलींना बोलू द्या, त्यांच्या हाती इतिवृत्ताची वही द्या. घरच्या सभेत ज्या मुलीला बोलायची सवय लागली, ती उद्या कॉलेजच्या सभेत गप्प बसणार नाही.

ओबर्लिनमध्ये एका मताने दार उघडले. पण ते मत पडण्यासाठी टेबलाभोवती एक माणूस बसलेला होता. आपल्या मुलांच्या कॉलेजातल्या टेबलाभोवती आपल्या हक्काच्या खुर्च्या कायद्याने ठेवलेल्या आहेत. त्या रिकाम्या आहेत की भरलेल्या, आणि भरलेल्या असतील तर त्यांवर बसलेला माणूस बोलतो की नुसती सही करतो, एवढे या महिन्यात प्रत्येकाने पाहून यावे.